मिसिसिपी की साउथ कॅरोलायना : १८६५ चे काळे कायदे

अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून गुलामी गेली, पण त्याच वर्षअखेरीस दोन्ही राज्यांनी मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी वेगळे कायदे केले.

साउथ कॅरोलायनाचा रोख धंद्यावर. शेतमजुरी किंवा घरकाम सोडून काही करायचं तर न्यायाधीशाचा परवाना लागे. दुकानदाराला त्यासाठी वर्षाला १०० डॉलर, कारागिराला १०. नुकत्याच सुटलेल्या माणसाकडे एवढे पैसे कुठले! करारात मालकाला सरळ ‘मास्टर’च म्हटलेलं.

मिसिसिपीने जमीन आणि पाय दोन्ही बांधले. शहराबाहेर काळ्यांना जमीन खंडाने घेता येईना. जानेवारी १८६६ पर्यंत काम मिळालं नाही तर माणूस भटक्या ठरे; दंड ५० डॉलरपर्यंत. पाच दिवसांत भरला नाही, की जो भरेल त्याच्याकडे शेरीफ त्याला राबायला देई. निराधार मुलं ‘शिकाऊ’ म्हणून बांधून देताना पहिला हक्क जुन्या मालकाचा! मला मिसिसिपीचाच कायदा जास्त कावेबाज वाटतो, कारण इथे बेकारीलाच गुन्हा केलं होतं, आणि गुलामी बंद करणाऱ्या अमेरिकी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याच्या शिक्षेपुरती सक्तीच्या मजुरीला वाट ठेवलेली होती.

साउथ कॅरोलायनाचे कायदे तिथले केंद्र सरकारचे लष्करी अधिकारी जनरल सिकल्स यांनी जानेवारी १८६६ मध्येच रद्दबातल ठरवले.