ताडोब्याची जिप्सी, घरच्या सगळ्यांना घेऊन: कुठे वसूल, कुठे वाया

आजी-आजोबा, आई-बाबा, मामा आणि दोन पोट्टे. झाले सात. जिप्सीच्या, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीच्या, मागच्या दोन बाकांवर बसतात सहा. ताडोब्याच्या गेटवरची निम्मी भांडणं या एका आकड्यावरून होतात, तीही पहाटे, झोपमोड झालेल्या लेकरांसमोर. लहान मुलाला कोणत्या वयापर्यंत वेगळं धरतात हा नियम तिकीट काढतानाच वाचायचा. ‘मांडीवर घेऊन बसतो ना भाऊ’ हे एसटीत चालतं, इथे चालत नाही.

निकाल आधीच सांगतो. दहा वर्षांखालची मुलं आणि साठीपुढची माणसं सोबत असतील तर बफरची, म्हणजे जंगलाच्या कडेच्या पट्ट्यातली, दुपारची फेरी घ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, आठवड्याच्या मधल्या दिवशी. अशी घेतली तर पाचपैकी चार गुण. कोअरची, म्हणजे आतल्या गाभ्याची, मे महिन्यातली फेरी वाघासाठी कितीही नावाजलेली असली, तरी अशा कुटुंबासाठी दोनच.

तिकिटात लोक कुठे फसतात ते बघा. ताडोब्याच्या कोअरला नवेगाव नावाचं गेट आहे, रामदेगीच्या बाजूचं, चिमूर तालुक्यातलं. गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांध आहे, आणि नवेगाव-नागझिरा हा वेगळाच व्याघ्र प्रकल्प. शिवाय नागपूर जिल्ह्यात पेंच नदीवर नवेगाव खैरी. गावाकडून मोबाईलवर घाईघाईत बुकिंग करताना ‘नवेगाव’ दिसलं की बोट दाबलं जातं, आणि चूक कळते तेव्हा गाडी भलत्याच जिल्ह्यात उभी असते. आधी प्रकल्पाचं नाव वाचा, मग गेटचं.

दुसरी चूक मुक्कामाची. मोहर्ली गेट दक्षिणेला, भद्रावती तालुक्यात. कोलारा उत्तरेला, चिमूरकडे. नकाशात दोन्ही एकाच हिरव्या ठिपक्याला चिकटलेली दिसतात, म्हणून लोक मोहर्लीला स्वस्त खोली मिळाली की खोली मोहर्लीची आणि तिकीट कोलाऱ्याचं काढतात. मधून जाता येत नाही, मधे जंगल आहे. बाहेरून वळसा घालायला दोन तास सहज जातात, आणि पहाटेची फेरी असेल तर ते दोन तास अंधारातले. चंद्रपूर, वणी, वरोऱ्याकडून येणाऱ्यांनी मोहर्ली धरावं. उमरेड, भिसी, चिमूरकडच्यांनी कोलारा किंवा नवेगाव.

तिसरी गोष्ट ओळखपत्राची. तिकिटावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं पाहिजे. आपल्याकडे आजीचं नाव घरात एक, रेशनकार्डावर दुसरं आणि आधारवर तिसरं असतं. आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर उतरवा आणि मूळ कार्ड सोबत न्या. ऐनवेळी मामाऐवजी काका यायचे ठरले तर काकांना खोलीवर बसावं लागू शकतं. कोअरची गेटं मंगळवारी बंद असतात, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर बंद असतात. सोमवारी रात्री पोचून मंगळवारचा बेत करणारे दरवर्षी सापडतातच. आणि पैसे भरताना तीन आकडे वेगळे बघा: प्रवेश, गाडी, गाईड. यातलं काय आधी भरलं आणि काय गेटवर द्यायचं, हे माहीत असलं की वाद होत नाही. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी वेबसाइटही बऱ्याच आहेत. सरकारी कोणती, एवढं गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराकडून खात्री करून घ्या.

आता कोअर की बफर. कोअर साधारण ६२५ चौरस किलोमीटरचं, बफर त्याच्या जवळजवळ पावणेदोन पट. एका फेरीत यातला एखादा कोपरा होतो, कारण गेटाप्रमाणे रस्ते ठरलेले आणि वेळ साडेतीन-चार तासांची. म्हणजे ‘अख्खा ताडोबा पाहिला’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्यायचं. बफरमध्ये गावं आहेत, वावरं आहेत, कुठेकुठे धुऱ्यावर गाई चरताना दिसतात, म्हणून काहींना ते खरं जंगल वाटत नाही. वाघाला तो फरक कळत नाही. मोहर्लीच्या अंगाला आगरझरी, देवाडा, जुनोना. कोलाऱ्याच्या अंगाला मदनापूर, अलिझंझा. या गेटांवर वाघ दिसतो, खर्च कमी येतो, आणि रडणाऱ्या पोराला घेऊन तासाभरात परत फिरायची पाळी आली तरी जीव फारसा जळत नाही. कोअरला दोन गोष्टी जास्तीच्या: ताडोबा तलाव आणि मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचे गोंडकालीन दगडी खांब. तलावात मगरी आहेत, काठावर तारू या आदिवासी देवाचं ठाणं आहे. त्या तारूवरूनच ताडोबा हे नाव आल्याचं मानतात, आणि पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. आजोबांना वाघापेक्षा हे बघायचं असेल तर कोअरच घ्या, मग हिशेब वेगळा.

बसण्याची जागा हा या सेवेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. जिप्सीला पुढे-मागे पाट्यांचे स्प्रिंग. मागचं बाक मागच्या आसावर येतं आणि उंचही असतं. दिसतं तिथून छान, पण मुरमाच्या रस्त्यावर प्रत्येक नाली तिथे कमरेत बसते. मणक्याचं, गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाला पुढच्या बाकावर, चढायच्या पायरीच्या बाजूला बसवा. पुढच्या बाकाची मधली जागा मुलाची: दोन्हीकडे मोठं माणूस, समोर धरायला लोखंडी दांडी. मुलाला कडेला बसवलं की तो हात बाहेर काढतो, आणि बांबूची फांदी कधी सपकन लागेल सांगता येत नाही. मागचं बाक धडधाकट माणसांचं. चढताना दार नसतं, पायरीवर पाय टाकून कठड्यावरून आत यावं लागतं. नऊवारी नेसलेल्या आजीला हे जमत नाही असं नाही, पण खालून एकाने आधार द्यावा आणि वरून एकाने हात. एक उशी किंवा घडी घातलेली चादर बसायला घेतली तर परतीला सगळे दुवा देतात. मारुतीने जिप्सी बनवणं थांबवून काही वर्षं झाली, त्यामुळे चालू गाड्यांत जुन्या बऱ्याच आहेत आणि काही ठिकाणी दुसऱ्या उघड्या गाड्याही आल्यात. चढायच्या आधी बाकाचा फोम आणि दांडीचं वेल्डिंग हलवून बघायला कोणी हरकत घेत नाही.

हवामानाचं गणित लोक उलटं मांडतात. एप्रिल-मेमध्ये पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो, म्हणून फोटोवाले त्याच दिवसांत गर्दी करतात. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ च्या घरात असतो, गाडी उघडी, आणि दुपारची फेरी ऊन डोक्यावर असतानाच निघते. पाच-सहा वर्षांच्या पोराला ऊन लागायला एवढं पुरतं. जायचंच असेल तर पहाटेची फेरी, माणशी एक लिटर पाणी स्टीलच्या बाटलीत (प्लास्टिकची बाटली आत चालत नाही), ओला दुपट्टा डोक्याला आणि निघण्यापूर्वी कैरीचं पन्हं. डिसेंबर-जानेवारीत नेमकं उलट. दुपार सुखाची, पहाट जीवघेणी. गावात स्वेटरवर भागतं तेवढं हिव असलं, तरी चालत्या उघड्या गाडीत वारा कानातून आत शिरतो. कानटोपी, मोजे आणि दोघांत एक ब्लँकेट घ्या. ऑक्टोबरमध्ये जंगल हिरवंगार असतं, पण गवत माणसाच्या कमरेएवढं; दहा फुटांवर वाघ बसला असला तरी कळणार नाही.

आतल्या तीन-चार तासांत काय करायचं, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं तर फेरीची किंमत दुप्पट होते. उदाहरण पगमार्कचं, म्हणजे पंजाच्या ठशाचं घ्या. गाईड फुफाट्यात बोट दाखवतो, सगळे ‘वाघ, वाघ’ करतात आणि गाडी पुढे जाते. तिथे मुलाला एक गोष्ट दाखवा. पंजाचा ठसा टायरच्या नक्षीवर उमटला असेल तर वाघ गाडीनंतर गेलाय, म्हणजे ताजा. ठशावरून टायरची नक्षी गेली असेल तर वाघ आधीचा, कदाचित रात्रीचा. चार बोटं आणि मागे गादी दिसते, नखं दिसत नाहीत, कारण चालताना वाघ ती आत ओढून घेतो. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात. एवढं कळलं की पोट्टे पुढचा सगळा वेळ रस्त्याकडे बघत बसतात, ‘आलं का, आलं का’ बंद होतं.

तसंच कॉलचं, म्हणजे शिकारी प्राण्याची चाहूल लागली की बाकीची जनावरं ओरडून जो इशारा देतात त्याचं. चितळाचा कॉल तीक्ष्ण, शिट्टीसारखा. तो बिबट्यालाही होतो, कधी नुसत्या संशयानेही होतो. वानर झाडाच्या शेंड्यावरून एकाच दिशेला बघत खकारत असेल तर जास्त विश्वासाचं. सांबराचा ‘ढाँक’ आला आणि परत परत आला, की गाईड गाडी बंद करायला लावतो. अशा वेळी वीस-पंचवीस मिनिटं एकाच जागी उभं राहावं लागतं, आणि कुटुंबाची फेरी नेमकी इथेच बिघडते. मुलाला शू लागते, मामाला सिगारेट, आणि कोणीतरी म्हणतं, ‘पुढे चला, इथे काही नाही.’ पुढे गेलेल्या गाडीच्या मागे वाघ रस्त्यावर आला, हे गेटवर रोज ऐकायला मिळतं. लघवीचं गेटवरच उरकून घ्या. आत उतरता येतं ते ठरलेल्या ठिकाणीच, आणि मधुमेह असलेल्या माणसाला चार तास हा मोठा काळ आहे. ही अडचण असेल तर गाईडला सुरुवातीलाच सांगा, तो रस्ता त्याप्रमाणे आखतो.

वाघाशिवायही सांगण्यासारखं खूप आहे, पण गाईड आपणहून सांगतोच असं नाही. हे गाईड जवळच्या गावांतले असतात, झाडं-पाखरं त्यांना तोंडपाठ असतात. मात्र पर्यटक फक्त वाघ विचारतो म्हणून तेही वाघावरच बोलतात. विचारलं की खुलतात. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि उन्हाळ्यात काही ऐनांच्या खोडात पाणी साठलेलं असतं. कुलूचं पांढरंफटक खोड चांदण्यात चमकतं म्हणून लोक त्याला भुताचं झाड म्हणतात. रानगव्याच्या चारही पायांना पांढरे मोजे घातल्यासारखे दिसतात. रोही, भेकर, चौसिंगा, रानकुत्री: मुलांच्या हातात कागद-पेन्सिल देऊन यादी करायला लावा. कोअरमध्ये मोबाईलला बंदी आहे, त्यामुळे कागदच कामाचा.

गर्दी हा या सेवेचा खरा दोष. वाघ दिसला की वायरलेस नसूनही बातमी पसरते आणि दहा-बारा गाड्या एका वळणावर गोळा होतात. पुढच्या गाडीचा धुरळा मागच्या गाडीच्या घशात. अशा वेळी ‘भाऊ, अजून पुढे घ्या ना’ म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागू नका. डिसेंबर २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पिल्लांना जिप्स्यांनी रस्त्यात घेरलं, आणि त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. अशा प्रकारात कारवाई ड्रायव्हर-गाईडवर होते, रोजी त्यांची बुडते. आग्रह करणारा घरी पोचलेला असतो. गर्दी नको असेल तर शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि वर्षअखेर टाळा. दरही त्या दिवसांत चढे असतात.

खाण्यापिण्याचं सोपं आहे. आत काही खायचं नाही. शिदोरी गेटाबाहेर आपल्या गाडीत ठेवा: पोळ्या, आलूची कोरडी भाजी, ठेचा, गूळ-शेंगदाणे. गेटजवळच्या टपऱ्यांवर चहा-पोहे मिळतात, दुपारनंतर पोहे संपलेले असतात. पिशवी उघडी ठेवून फोटो काढत बसलात तर वानर पोळ्या नेतं, ठेचा ठेवतं.

ताडोब्याचं तिकीट मिळालं नाही म्हणून सहल रद्द करायची गरज नाही. वर्ध्याकडच्यांना बोर व्याघ्र प्रकल्प जवळ आहे, लहान आणि शांत. भंडारा-गोंदियाकडच्यांना नागझिरा, वाघाची खात्री कमी, पण झाडी आणि तलाव ताडोब्याहून देखणे. मेळघाटात वाघ दिसेल या आशेने जाऊ नका, डोंगर आणि साग बघायला जा. पोट्ट्यांना हमखास काहीतरी दिसावं असं वाटत असेल तर पेंच व्याघ्र प्रकल्पाचं सिल्लारी गेट. तिथल्या जंगलाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे तारे बघण्यासाठी रात्रीचा अंधार जपलेल्या जागेचा, दर्जा मिळाला, वाघोली तलावाजवळ दुर्बिणीतून तारे दाखवतात. अमावास्येच्या आसपासची रात्र बघा. पौर्णिमेला गेलात तर नुसता चंद्र.

दुपारची फेरी संपते तेव्हा अंधार पडायला लागतो. मोहर्ली-चंद्रपूर रस्ता काय किंवा कोलारा-चिमूर काय, गेटाबाहेरही जंगलच आहे. सांबर आणि रानगवा हेडलाइटने बावचळून मधेच उभे राहतात. गाडी चाळीसच्या वर नेऊ नका, काही दिसलं तरी खाली उतरू नका, आणि लेकरं मागे झोपली असतील तर शक्यतो त्या रात्री तिथेच मुक्काम करा.