छोट्या लेथवर मिलिंग कटर धरण्यासाठी एमटी-३ शँकचा ईआर-३२ कॉलेट चक

स्वतंत्र मिलिंग मशीन ठेवायला जागा नसल्यामुळे ज्यांना बेंच लेथच्या क्रॉस स्लाइडवर व्हर्टिकल स्लाइड बसवून कीवे, खाचा आणि सपाट बाजू काढाव्या लागतात, त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न कटर कशात धरायचा हा असतो. माझ्या लेथचा स्विंग (फिरवता येणाऱ्या जॉबचा कमाल व्यास) सात इंचांचा असून स्पिंडलच्या तोंडाशी मोर्स टेपर क्रमांक ३ (एमटी-३, म्हणजे ठरावीक मापाचे निमुळते भोक) आहे. त्यासाठी मी एमटी-३ शँकचा (मागच्या दांड्याचा) ईआर-३२ कॉलेट चक, म्हणजे कॉलेट नावाच्या चिरलेल्या बाहीत कटर आवळून धरणारा चक, घेतला आणि माइल्ड स्टील व ॲल्युमिनियम या दोन्हींवर तो भरपूर वापरला.

लेथसोबत आलेल्या थ्री-जॉ (तीन जबड्यांच्या) चकमध्ये एंडमिल (टोकाने आणि बाजूने कापणारा मिलिंग कटर) धरू नये, असे मी ठामपणे सांगेन. एंडमिलची शँक कठीण केलेली आणि ग्राइंड केलेली असते, चकचे जॉही कठीण असतात, आणि पकड मिळते ती केवळ तीन अरुंद पट्ट्यांवर. त्यातच नेहमीच्या उजव्या पिळाच्या कटरवर कापताना त्याला चकमधून बाहेर ओढणारे बल येते. त्यामुळे कटर हळूहळू पुढे सरकतो आणि २ मिमी खोलीने सुरू केलेली खाच दुसऱ्या टोकाला अडीच मिमी खोल निघते. कटरचा आवाज जड होऊ लागला की हेच घडत आहे असे समजावे.

ईआर कॉलेट ही रचना १९७० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने आणली. तिच्यात कॉलेट दोन्ही टोकांकडून चिरलेले असल्यामुळे शँकला जवळजवळ पूर्ण लांबीभर आणि सर्व बाजूंनी पकड मिळते. ईआर-३२ मध्ये २ ते २० मिमीपर्यंतच्या शँक बसतात आणि बहुतेक कॉलेट १ मिमीपर्यंत आवळले जाते. तरीही १० मिमीच्या शँकला ११ चे नव्हे, तर १० चेच कॉलेट वापरावे. कॉलेट आधी नटमध्ये तिरके धरून टचकन बसवायचे आणि नंतरच नट चकवर चढवायचा. हा क्रम उलटा केला, तर नटमधील विकेंद्री कडे कॉलेटच्या खाचेत बसत नाही. मग कटर वेडावाकडा फिरतो आणि नट सोडल्यावरही कॉलेट आतच अडकून राहते.

चक कितीही चांगला असला, तरी ड्रॉबारशिवाय, म्हणजे स्पिंडलच्या मागून चक आत ओढून धरणाऱ्या आट्यांच्या सळईशिवाय, तो मिलिंगला वापरता येत नाही. मोर्स टेपर स्वतःची पकड धरतो हे खरे आहे, परंतु ती पकड ड्रिलिंगच्या सरळ दाबासाठी आहे. मिलिंगमध्ये प्रत्येक दात बाजूने धक्का देतो, त्या कंपनाने टेपर सैल होतो आणि फिरता चक जॉबवर येऊन पडू शकतो. म्हणून खरेदी करताना शँकच्या मागच्या टोकाला एम-१२ चे आटे आहेत की नाही, हे आधी पाहावे. चपट्या शेपटीची शँक टेलस्टॉकसाठी असते, ती घेऊ नये.

माझ्या चकसोबत ड्रॉबार आला नव्हता. तो मी १२ मिमीच्या ईएन-८ (मध्यम कार्बन स्टील) सळईचा केला आणि स्पिंडलच्या मागच्या बाजूस २० मिमीच्या भोकात नीट बसणारा पायरीचा बुश टर्न करून घेतला, जेणेकरून सळई मध्यावर राहावी आणि नटचा दाब सर्व बाजूंनी सारखा यावा. टेपर कोरड्या कापडाने पुसून चक बसवावा, ड्रॉबार हाताने आवळावा आणि मग पान्याने केवळ पाव फेरा द्यावा. सोडताना नट एक-दोन आटे ढिला करून सळईच्या टोकावर पितळी हातोडीने हलका ठोका पुरतो. जोराचे घाव स्पिंडलच्या बेअरिंगला भोवतात. काम संपल्यावर चक तसाच ठेवू नये, कारण तापलेला स्पिंडल थंड होताना टेपरवर आवळला जातो.

डायल गेज लावल्यावर चकच्या आतील टेपरवर ०.०२ मिमी आणि कॉलेटमध्ये धरलेल्या ग्राउंड पिनवर ०.०३ मिमी रनआउट (फिरताना मध्यापासूनची डगमग) दिसला. घरगुती कामाला तो चालतो. तक्रार आहे ती चकच्या बॉडीवर पान्यासाठी सपाट बाजू नसल्याची. ईआर-३२ चा नट चांगला जोर लावून आवळावा लागतो आणि त्या वेळी स्पिंडल अडवायला काहीच मिळत नाही. गिअर अडवून तो धरू नये, कारण अनेक छोट्या लेथचे गिअर प्लास्टिकचे असतात. मी स्पिंडलच्या फ्लँजमध्ये बोल्ट बसवून त्याला लोखंडी पट्टी अडकवतो आणि मोटर सुरू करण्यापूर्वी ती आठवणीने काढतो.

चकचे तोंड स्पिंडलपासून बरेच पुढे येत असल्याने जाड कापात कंपने जाणवतात. १० मिमीच्या एंडमिलने माइल्ड स्टीलमध्ये अर्धा ते एक मिमीचा काप घ्यावा, म्हणजे खाचेच्या बाजू स्वच्छ निघतात. ज्यांना त्याच कॉलेटमध्ये लांब सळईही धरायची आहे, त्यांनी स्पिंडलच्या फ्लँजवर बोल्टने बसणारा ईआर-३२ चक घ्यावा. त्याला ड्रॉबार लागत नाही आणि सळई आरपार जाते. मात्र त्याची बॅकप्लेट आपल्याच लेथवर टर्न करून बसवावी लागते. केवळ मिलिंग करायचे असेल, तर आटे असलेला एमटी-३ चक आणि हाताने केलेला ड्रॉबार हीच जोडी मी सुचवेन.