ओटीपी कुणी मागितलाच नाही: 1,54,200 रुपयांची स्मार्ट क्लासरूम

आधी आकडे लिहून टाकतो, नंतर धीर होणार नाही. 1,11,000, मग 24,500, मग 18,700. एकूण 1,54,200 रुपये. यातला एकही रुपया माझा नव्हता, बोच तीच आहे. पैसे होते आमच्या शाळेच्या 1999 च्या दहावीच्या बॅचचे.

मी नवी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित शिकवतो. संगणक कक्षही माझ्याच गळ्यात. आठवीला सायबर सुरक्षेचा तास दरवर्षी मीच घेतो. व्हरांड्यात मुलांनी केलेला तक्ता लावलाय, ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’. त्या तक्त्याखाली उभा राहून मी आम्हाला फसवणाऱ्या माणसाशी फोनवर बोलायचो. हसा खुशाल. पण मला ओटीपी कुणी मागितलाच नाही. लिंक नाही, केवायसी नाही, व्हिडिओवर पोलिसाचा गणवेश नाही. त्याने मागितली ती वर्गांची पटसंख्या.

जून 2025, शाळा उघडायच्या आठवड्यातली गोष्ट. त्याचा प्रस्ताव असा: एका मोठ्या कंपनीच्या सीएसआर (समाजकार्याच्या) निधीतून तीन वर्गांना 75 इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारे डिजिटल फळे. (कंपनीचं नाव लिहीत नाही. तिचं बिचारीचं फक्त नाव चोरलं होतं.) एका पॅनलची किंमत 1,85,000, त्यातले 80 टक्के कंपनी देणार, 20 टक्के शाळेचा लोकसहभाग. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. मी नाही ओळखलं, कारण ‘लोकसहभाग’ हा शब्द. आमच्याकडे भिंतींचा रंग लोकसहभागातून, पाण्याची टाकी लोकसहभागातून, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दारसुद्धा लोकसहभागातून. हा शब्द ज्याला ठाऊक आहे तो आपल्यातलाच, असं वाटलं.

आणि गरज होती हो. दहावी ब मध्ये 61 मुलं. प्रोजेक्टरचा दिवा दोन वर्षांपूर्वी गेला. संगणक अकरा, सुरू होतात चार. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट. बालभारतीच्या पुस्तकात प्रत्येक धड्याला क्यूआर कोड छापलेला आहे, पण तो स्कॅन करायला घरी फोन हवा आणि तो फोन संध्याकाळी बाबा कामावरून आल्यावर मिळतो. शंकुछेद (टोक कापलेला शंकू) शिकवताना मी गाजर कापून दाखवतो. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर तोच शंकू बोटाने फिरवता येतो, आणि ते फुकट आहे, फक्त दाखवायला पडदा हवा. मागच्या बाकावरच्या पोराला माझं गाजर दिसत नाही.

तर त्याने कागद मागितले. युडायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक), वर्गवार पटसंख्या, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत, वर्गांचे जिओटॅग केलेले फोटो, विहित नमुन्यात मागणीपत्र दोन प्रतींत. एक फोटो आडवा होता म्हणून परत पाठवला! शिक्षकाला आयुष्यभर हेच करायची सवय. जो इतकी कागदपत्रं मागतोय आणि वर चुकाही काढतोय तो खोटा असेल हे डोक्यातच येत नाही. चोर गोड बोलतो असं आपण मुलांना सांगतो. हा तर आमच्या कार्यालयांसारखा खेकसत होता.

19 जूनला स्वतः आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खिशात मेजरटेप. दहावी ब मध्ये फळ्याशेजारची भिंत मोजली, प्लग कुठे आहे पाहिलं, ब्रॅकेटसाठी पेन्सिलीने चार फुल्या मारल्या. ‘खिडकीचं ऊन पडेल, पडदा लावून घ्या,’ म्हणाला. मी 1,400 रुपयांचे पडदे शिवून घेतले. ते वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आता तो क्षण, ज्यासाठी मी रोज स्वतःला शिव्या घालतो. प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे मालाआधीचं कच्चं बिल, आलं. पत्ता ठाण्याचा, वागळे इस्टेट. आमच्या कारकून बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘सर, हा जीएसटी नंबर 09 ने सुरू होतोय. आपले सगळे सप्लायर 27 वाले असतात.’

27 म्हणजे महाराष्ट्र. 09 म्हणजे उत्तर प्रदेश. आणि मी काय म्हणालो? ‘बाई, मोठ्या कंपन्यांची हेड ऑफिसं नोएडालाच असतात.’ बाई गप्प बसल्या. पंधरा अक्षरांचा नंबर, पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर पॅन कुणाचा ते सांगतं, सी म्हणजे कंपनी, पी म्हणजे व्यक्ती. इन्व्हॉइसवर नाव प्रायव्हेट लिमिटेड आणि नंबरात सहाव्या जागी पी. अंकांचे आकृतिबंध ओळखायला मी मुलांना शिकवतो! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर तपासता येतो, दोन मिनिटांचं काम. मी तपासला, पण 10 जुलैला. नोंदणी रद्द झालेली होती.

दुसरी खूण तर माझ्या मोबाइलवर होती. रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2025 पासून एनईएफटी करताना समोरच्या खातेदाराचं नाव दाखवायची सोय बँकांना करायला लावली आहे. 27 जूनला 1,11,000 पाठवताना मला नाव दिसलं, एका माणसाचं. मी त्याला फोन केला. ‘सर, ते आमचे डायरेक्टर आहेत.’ बरं, म्हणालो. पैसे लांबले तर यादीतून शाळेचं नाव जाईल अशी भीती त्याने घातली होती. पुढे 4 जुलैला इन्स्टॉलेशन डिपॉझिट 24,500, परत मिळणार म्हणून. 9 जुलैला माल भिवंडीच्या गोदामात अडकला, ई-वे बिलाचे (मालवाहतुकीच्या ऑनलाइन सरकारी कागदाचे) 18,700. ई-वे बिल काढायला फी नसते. त्याचा बारा अंकी क्रमांक मागा आणि पोर्टलवर तपासा.

पैसे माझ्या खात्यातून गेले, कारण मुलांनी (मुलं कसली, चाळिशी ओलांडलेली माणसं) ते यूपीआयने माझ्या नंबरवर पाठवले होते. शाळेच्या खात्यात टाकायचे तर दोन सह्या, पावतीपुस्तक, सचिव गावाला. सोयीसाठी केलं. कधीही करू नका. आता ग्रुपवर कुणी काही बोलत नाही, पण कुणी विचारतही नाही, हे जास्त लागतं.

10 जुलैला गुरुपौर्णिमा, त्या दिवशी उद्घाटन ठरलं होतं. दारात रांगोळी, दोन किलो पेढे, बॅचमधले सात जण रजा टाकून आलेले, एकजण थेट पुण्याहून. नऊला टेम्पो येणार होता. दहाला फोन वाजत होता. साडेदहाला बंद. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, ‘पेढे तरी वाटून घेऊ.’ वाटले.

दुपारी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तक्रार नोंदवली गेली, आणि आदल्या दिवशीच्या 18,700 मधले 11,350 कुठल्यातरी खात्यात गोठले. बाकी पैसे त्याआधीच पुढे सरकलेले. गोठलेले सोडवायला न्यायालयाचा आदेश आणा, असं तेव्हा सांगितलं. म्हणून सांगतो, संशय आला की लाज बाजूला ठेवून त्याच तासात 1930. मी 4 जुलैलाच अस्वस्थ होतो, पण लोक काय म्हणतील म्हणून थांबलो.

मग आमच्या हद्दीतलं पोलीस ठाणं. ‘ऑनलाइन पैसे गेले ना, मग सायबरला जा.’ सायबरवाले म्हणाले, ‘माणूस प्रत्यक्ष आला होता ना, मग हे सायबर कसं? हद्दीतल्या ठाण्यात द्या.’ चार फेऱ्या. पाचव्या फेरीला एका साहेबांनी विचारलं, ‘सर, तुम्ही शिकलेले ना?’ भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते, हे मी छापून नेलं. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि ‘अर्ज ठेवून जा’ म्हणाले. अर्ज आणि एफआयआर एक नाही. अर्जावर पोचचा शिक्का तरी घ्याच, मी पहिल्या वेळी घेतला नव्हता.

बँकेत उत्तर एकच, ‘तुम्ही स्वतः पाठवलेत, व्यवहार अधिकृत आहे.’ पैसे गेले त्या खात्याची चौकशी करा म्हटलं तर, ‘ती दुसरी बँक.’ दुसरी बँक म्हणाली, ‘तुम्ही आमचे ग्राहक नाही.’

आणि कळस शिक्षण खात्याचा. मदत मागायला गेलो, येताना नोटीस घेऊन आलो. ‘पूर्वपरवानगीशिवाय निधी का गोळा केला, लेखी खुलासा सात दिवसांत, तीन प्रतींत.’ चोराला शोधायला कुणाकडे वेळ नाही, माझा खुलासा मात्र दोनदा परत आला, एकदा समास सोडला नव्हता म्हणून. मला त्या भामट्याची आठवण झाली.

सीएसआरवाल्यांबद्दल एवढंच. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के खर्च करावेच लागतात. ज्याला खर्च करायचाय तो तुमच्याकडून कुणा माणसाच्या खात्यात आगाऊ पैसे मागणार नाही. कंपनीच्या वेबसाइटवरून नंबर काढून स्वतः फोन करा, त्याने दिलेल्या नंबरवर नको. युडायस क्रमांक त्याला माहीत होता म्हणून भुलू नका, तो कुणालाही सापडतो. आणि कारकून बाईंचं ऐका.

मी पतपेढीतून कर्ज काढलंय, बॅचचे पैसे परत करतोय. मागच्या महिन्यात एक फोन आला, गोठलेले पैसे सोडवून देतो, प्रोसेसिंग फी 6,500. माझा तक्रार क्रमांकही त्याला पाठ होता.

दहावी ब च्या भिंतीवर त्या चार फुल्या अजून आहेत. मी शिपाई मामांना पुसायला सांगितलं, तर म्हणाले, ‘राहू द्या सर, पंचनाम्याला लागतील.’ पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नाही.