विंडोज डिफेंडर : झेरॉक्सच्या दुकानात टिकतो का?

आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर. गावभरचे पेनड्राइव्ह आमच्याच मशीनला लागतात, सबमिशनच्या आठवड्यात तर विचारूच नका. विंडोजसोबत फुकट येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस इथे टिकतो का? टिकतो.

मला त्याचं आवडतं ते 'प्रोटेक्शन हिस्ट्री'चं पान, म्हणजे काय काय पकडलं त्याची यादी. गिऱ्हाईक असो की हार्डवेअरवाला, सगळे सरसकट 'व्हायरस आला' म्हणतात. या पानावर मात्र नावाच्या आधी प्रकार लिहिलेला असतो : वर्म, ट्रोजन, व्हायरस, रॅन्सम (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा). पोरं ज्याला 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात, तो इथे बऱ्याचदा 'वर्म : जेनक्सकस' निघतो. खरा फोल्डर लपवून त्याच नावाचा शॉर्टकट ठेवतो. डबल-क्लिक केलं की त्याची स्क्रिप्टही चालते आणि फोल्डरही उघडतो, मग संशय येणार कुणाला? वर्म कुठल्या फाइलला चिकटत नाही, स्वतःचीच कॉपी पुढच्या पेनड्राइव्हवर टाकतो. त्यामुळे सरळ उडवता येतो. 'सॅलिटी' हा खरा व्हायरस, चांगल्या चालू ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींत घुसणारा. ती फाइल साफ झाली तर ठीक, नाहीतर क्वारंटाइनमध्ये, म्हणजे अलग कोंडून ठेवली जाते आणि सॉफ्टवेअर नव्याने टाकावं लागतं. ट्रोजन स्वतःहून पसरत नाही. क्रॅक केलेल्या सेटअपसोबत आपणच त्याला पायघड्या घालून आत घेतो.

आता तक्रारी. वर्म गेला तरी त्याने लपवलेल्या फाइली लपलेल्याच राहू शकतात. पोरगं रडकुंडीला येतं, 'काका, प्रोजेक्ट गेला!' गेलेला नसतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब ही लपलेलं उघड करणारी कमांड मारली की दिसतो. हे काम डिफेंडरनेच करायला हवं. दुसरं, रॅन्समवेअरपासून फोल्डर वाचवणारं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' मुळात बंदच असतं. चालू केलं की अनोळखी प्रोग्रॅमला डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू देत नाही, त्याला हाताने परवानगी द्यावी लागते. कटकट आहे, तरी चालू करा.

आणि अपडेट बंद ठेवू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय रॅन्समवेअरही होता आणि वर्मही. कुणी काही क्लिक न करता नेटवर्कमधून पसरला. मायक्रोसॉफ्टचा पॅच, म्हणजे ती पळवाट बुजवणारा अपडेट, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी टाकला नाही, ते सापडले.

जुन्या हार्डडिस्कच्या मशीनवर फुल स्कॅन दिवसा लावू नका, प्रिंटची रांग लागते. शटर ओढताना लावून जायचा. पेनड्राइव्हवर मात्र राइट-क्लिक करून लगेच स्कॅन मारायचा, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी.