हिशेब बटणातच ठेवावा की वेगळा काढावा?

नागपूरच्या इतवारीतल्या एका रेडिमेड कपड्यांच्या दुकानासाठी मी बिलिंगचा प्रोग्राम लिहिला होता. कराचा हिशेब थेट ‘बिल छापा’ बटणाच्या कोडमध्ये, आणि तोच कॉपी करून कोटेशनच्या आणि घाऊक बिलाच्या खिडकीत. २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि वर १२ होते, आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि वर १८. मी दोन ठिकाणी दुरुस्ती केली, घाऊक बिलात राहून गेली. १८०० रुपयांच्या कुर्त्यावर घटस्थापनेच्याच दिवशी १२ टक्के लागले. मालकांसमोर मान खाली घालावी लागली.

म्हणून नवीन काम हाती घेणाऱ्यांनी हिशेबाचा कोड कुठे ठेवायचा ते आधीच ठरवावं. पद्धती तीन आहेत.

पहिली: सगळं एकत्र ठेवलं तर दोन दिवसांत प्रोग्राम उभा राहतो. एकच खिडकी, एकच वापरणारा असेल तर खुशाल करा.

दुसरी पद्धत म्हणजे इंजिन, म्हणजे हिशेब करणारा भाग, लायब्ररीसारखं (कुठूनही वापरता येईल अशा कोडच्या संचासारखं) वेगळं, पण प्रोग्राम एकच. खिडकी फक्त आकडे देते आणि उत्तर दाखवते. इंजिनच्या फाइलींत बटणाचं, मेसेज बॉक्सचं नावही नको. चूक झाली तर ती उत्तरातूनच कळवायची. मग खिडकी न उघडता हिशेब तपासता येतो. जपायचं एकच: लांबलचक काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रामच्या आत समांतर चालणाऱ्या धाग्यावर) टाका, नाहीतर खिडकी हँग होते.

तिसरीत इंजिन हा स्वतंत्र प्रोग्रामच असतो. बुद्धिबळपटू दिव्या देशमुखच्या नागपुरात बुद्धिबळाचं उदाहरण सहज पटेल. स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनाला स्वतःचा पट नाही. २०००मध्ये आलेल्या यूसीआय प्रोटोकॉलनुसार (पट आणि इंजिन यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमांनुसार) पटाचा प्रोग्राम त्याला साध्या मजकुरात ‘पोझिशन’ आणि ‘गो’ कळवतो, तो ‘बेस्टमूव्ह’ परत देतो. त्यामुळे पट कोणताही घ्या, इंजिन कोणतंही जोडा. इंजिन कोसळलं तरी पट उभा राहू शकतो, आणि दोन्हींची भाषा वेगळी चालते. पण संदेशांचं स्वरूप ठरवा, आवृत्त्या जुळवा, बग दोन्हीकडे शोधा, हा खर्च मोठा आहे. एकट्या माणसाने दुकानाच्या बिलासाठी तो करू नये. उद्या त्याच हिशेबावर मोबाइल ॲप चालवायचं असेल तर मात्र जरूर विचार करा.

मी दुसरी निवडली. आता कराचं एकच फंक्शन आहे. दर बदलला की तिथे आकडा बदलतो आणि २५०० व २५०१ रुपयांची बिलं आधी कमांड लाइनवर काढून पाहतो.