आधी सीट, मग स्टेम: रोड बाइकची बैठक जुळवण्याच्या पर्यायांची तुलना

रोड बाइकवर साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला सुरू झाला, की अनेकांच्या तक्रारी सारख्याच असतात: मान आखडते, तळहाताला मुंग्या येतात, कमरेत कळ उठते. ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेरीची, तयारी करणाऱ्याला तर हे अंगावर काढून चालत नाही, कारण 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यातला बहुतेक वेळ सीटवरच जातो. अशा वेळी चार मार्ग समोर असतात: सीट जुळवणे, हँडलची उंची आणि अंतर बदलणे, फिटरकडे, म्हणजे शरीराच्या मापाने सायकल जुळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे, जाणे किंवा सायकलच बदलणे. हात दुखतात म्हणून पुष्कळ जण थेट आखूड स्टेम, म्हणजे हँडलला फोर्कच्या नळीशी जोडणारा भाग, विकत घेतात. मला हा क्रम चुकीचा वाटतो, कारण हातावर किती भार येतो हे बऱ्याच अंशी सीटवरून ठरते. सीटचे टोक खाली झुकलेले असेल, तर शरीर सतत पुढे घसरते आणि ती घसरण मनगटांना रोखून धरावी लागते. तिथे स्टेम बदलून मूळ कारण जागेवरच राहते. म्हणून पहिले साधन पाणसळ. ती सीटवर लांबीच्या दिशेने ठेवावी, सीट सपाट किंवा जेमतेम एखादा अंश झुकलेली असावी.

सीटच्या उंचीसाठी दोन सूत्रे प्रचलित आहेत. दोन्हींसाठी अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि जाड पुस्तक जांघेत घट्ट दाबून तिथून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्रात या मापाला 0.883 ने गुणतात आणि येणारे अंतर क्रँकच्या (पेडल ज्याला जोडलेले असते त्या दांड्याच्या) फिरण्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत धरतात. दुसऱ्या सूत्रात मापाच्या 109 टक्के घेतात, पण ते अंतर तळाशी असलेल्या पेडलच्या आसापासून मोजतात. माप 80 सेंटिमीटर असेल, तर पहिल्याने उंची 70.6 येते, दुसऱ्याने 87.2 येते आणि त्यातून 170 मिलिमीटरच्या क्रँकची लांबी वजा केली की 70.2 उरते. फरक अर्धा सेंटिमीटरही नाही. त्यामुळे कोणते सूत्र खरे या वादात वेळ घालवू नये. कोणत्याही एकाने सुरुवात करावी आणि मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहावे. पेडल तळाशी असताना गुडघा साधारण 25 ते 35 अंशांत वाकलेला हवा, आणि ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर, सायकल लावून बाजूने मोबाइलवर चित्रीकरण केले तर तो कोन पुरेसा स्पष्ट दिसतो. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागची बाजू दुखत असेल, किंवा पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल, तर ती वर गेलेली आहे. बदल एका वेळी तीन-चार मिलिमीटरचाच करावा आणि आधीची खूण सीटपोस्टवर चिकटपट्टीने राखावी.

सीट पुढे-मागे करण्यासाठी ओळंब्याची जुनी रीत वापरतात: क्रँक आडवा ठेवून गुडघ्याच्या वाटीखालून सोडलेला दोरा पेडलच्या आसावरून जावा. हा शरीरशास्त्राचा नियम नाही, पण सुरुवातीला त्याचा आधार पुरतो. हँडल लांब वाटते म्हणून सीट पुढे ओढणे मात्र टाळावे. त्याने हात पोहोचतात, पण धडाचा तोल पुढे जाऊन तळहातांवरचा भार वाढतो. सीट एक सेंटिमीटर मागे नेली, तर क्रँकपासूनचे अंतर सुमारे तीन मिलिमीटरने वाढते, तेवढी ती खाली घ्यावी.

सीट ठरल्यावरही हँडल दूर किंवा खाली वाटत असेल, तरच स्टेमकडे वळावे, आणि तिथेही आधी फुकटचे उपाय करावेत. दहा मिलिमीटरचा स्पेसर (फोर्कच्या नळीवर बसणारे कडे) स्टेमच्या वरून काढून खाली घातला, तर हँडल तेवढे वर आणि साधारण तीन मिलिमीटर जवळ येते. सहा अंशांनी खाली झुकलेला 100 मिलिमीटरचा स्टेम उलटा बसवला, तर हँडल सुमारे दोन सेंटिमीटर वर आणि सहा मिलिमीटर जवळ येते. त्यामुळे वाकून मान दुखत असेल तर स्टेम उलटणे अधिक परिणामकारक आहे, तर कोपर ताठ ठेवून ताणावे लागत असेल तर 80 किंवा 90 चा स्टेम घेणे योग्य. जोडताना आधी वरचा बोल्ट हेडसेटमधली (फोर्क फिरवणाऱ्या बेअरिंगमधली) खडखड जाईपर्यंतच आवळावा आणि मग बाजूचे बोल्ट स्टेमवर छापलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने), जो बहुधा 5 न्यूटन मीटर असतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली की ढिलाई लगेच कळते. फोर्कची नळी कापणे सर्वांत शेवटी, कारण कापलेली नळी परत लांब होत नाही.

फिटरकडे जाण्याचा खर्च मला दोन परिस्थितींत सार्थ वाटतो: दोन पायांच्या लांबीत फरक किंवा जुनी दुखापत असेल, अथवा वरचे सगळे करूनही करंगळी आणि अनामिका बधिर होत राहत असतील. क्लीटच्या, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणाऱ्या तुकड्याच्या, कोनाचेही तसेच आहे. तो स्वतःचा स्वतः पाहणे कठीण. सांध्यांचे कोन टिपणारे यंत्र दुकानात आहे का, यापेक्षा काही आठवड्यांनी फिटर तुम्हाला पुन्हा बोलावतो का, हे विचारणे मी महत्त्वाचे मानतो, कारण शरीर नव्या बैठकीला सरावते तेव्हाच तिचे दोष दिसतात.

सगळे स्पेसर खाली, स्टेम उलटा आणि आखूड, तरीही मान ताणली जात असेल, तर फ्रेमच तुमच्यासाठी नाही. जायंटची टीसीआर आणि डिफाय, किंवा ट्रेकची एमोंडा आणि डोमाने यांतील फरक इथे कळतो: प्रत्येक जोडीतली दुसरी फ्रेम लांब पल्ल्यासाठी असून तिचे हँडल तुलनेने उंच आणि जवळ येते. नवी सायकल पाहताना ब्रेकच्या नळ्या हेडसेटच्या आतून गेल्या आहेत का, हेही तपासावे. काही रचनांत स्टेम बदलायचा झाला तर त्या नळ्या सोडवून ब्रेक पुन्हा ब्लीड करावे लागतात (त्यांच्या द्रवातली हवा काढावी लागते), म्हणून स्टेमची लांबी दुकानातच ठरवून घ्यावी.