चेहरा ओळखीचा, खातं भलत्याचंच

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायचे. भाजीवाल्याचा हिशेबसुद्धा दोनदा तपासणारा माणूस. त्यांचे साडेसहा लाख गेले.

मोबाइलवर जाहिरात आली. एक नामवंत उद्योगपती न्यूज चॅनेलच्या स्टुडिओत बसून सांगतायत, 21 हजार भरा, आमचं एआय अ‍ॅप स्वतःच शेअर घेतं-विकतं. आवाज तोच, हातवारे तेच. नंतर मी तो व्हिडिओ टीव्हीवर लावून पाहिला, तेव्हा 'प', 'ब', 'म' म्हणताना ओठ नीट मिटत नाहीत हे दिसलं. म्हणजे व्हिडिओ एआयने बनवलेला, खोटा. मोबाइलवर ते कुणाला दिसणार? "अरे, साहेब स्वतः बोलतायत की!" असं अण्णा मला ठणकावून सांगत होते.

एप्रिल 2024 मध्येच राष्ट्रीय शेअर बाजाराने जाहीर इशारा दिला होता, की आमचे प्रमुख आशिषकुमार चौहान यांचा चेहरा-आवाज वापरून शेअर सुचवणारे खोटे व्हिडिओ फिरतायत. त्याआधी जानेवारीत सचिन तेंडुलकरच्या नावावर गेमिंग अ‍ॅपची बनावट जाहिरात फिरली होती. पण असे इशारे अण्णांपर्यंत येत नाहीत, जाहिरात बरोबर येते. कारण तिच्यासाठी कुणीतरी पैसे मोजलेले असतात आणि ते पैसे घेणारा प्लॅटफॉर्म चेहरा खरा की खोटा हे बघत नाही. मी तक्रार केली, तर 'ही जाहिरात आमच्या नियमांत बसते' असं उत्तर आलं!

सुरुवातीला दोन हजार काढता आले, तिथेच अण्णांचा विश्वास बसला. मग ग्रॅच्युइटीची एफडी मोडली. अ‍ॅपवर अठरा लाख दिसायला लागले. काढायला गेले तर 'आधी टॅक्स भरा'. पासबुक भरून आणलं, तेव्हा कळलं: एक हप्ता परराज्यातल्या किराणा ट्रेडर्सच्या खात्यात, दुसरा कुठल्या टूर्सवाल्याच्या. शेअर ब्रोकर एकही नाही. व्हिडिओ खरा की खोटा ते ओळखत बसू नका, ते दिवसेंदिवस अवघडच होणार. पैसे कुणाच्या नावावर चाललेत तेवढं बघा, आणि ते नाव सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नोंदणीत आहे का ते बघा.

गेलेच पैसे, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, मग घरच्यांचं रागावणं. अण्णांनी लाजेपायी आठवडा घालवला. सव्वा लाखच बँकेत होल्ड झाले, म्हणजे पुढे जाण्याआधी गोठवले गेले, तेही कोर्टात अडकलेत.

आता त्यांना 'सायबर वकिला'चे फोन येतात. बुडालेले पैसे मिळवून देतो, फी आधी पाठवा. साडेसहाचा आकडा त्याला पाठ आहे.